परस्पर बोलायचं नाही

रक्त तपासायच्या लॅबमधला प्रोग्राम अधूनमधून मान टाकायचा. अर्धा रिपोर्ट स्क्रीनवर आणि पुढे सगळं पांढरंफटक. काउंटरवरच्या बाईंनी प्रोग्राम बनवणाऱ्या कंपनीला फोनवर कळवलं, "पेशंट धडधाकट आहे हो, कॉम्प्युटरच गेला."

कंपनीत ज्यांना सारं ऑफिस काका म्हणे, त्यांनी कोड उघडला आणि दुखणं ओळखलं. थ्रेड म्हणजे प्रोग्रामच्या पोटात राबणारे गडी. त्यातला मागे बसून यंत्राकडून आकडे आणणारा एक गडी परस्पर स्क्रीनवर लिहून मोकळा होत होता. ही करामत शेजारच्या टेबलावरच्या मुलीची.

"अगं, मागच्या थ्रेडनं स्क्रीनला शिवायचं नाही. काय असेल ते मुख्य थ्रेडकडे द्यायचं. स्क्रीन त्याची. तो सवडीनं मांडतो."

"माझ्या मशीनवर चालत होतं की, काका."

"आपल्या मशीनवर सगळ्यांचंच चालतं. संसारासारखंच. चार लोकांत नेला की आपटतो."

"आणि मुख्य थ्रेडच बंद पडला तर?"

"मग मागचे राबत राहतात. वर काही उमटत नाही."

मुलगी हसली. काकांनी चष्मा पुसला.

काकांच्या घरात हा नियम कुणी न शिकवता पाळला गेला होता. बापलेकात भांडण नव्हतं. भांडायलाही बोलावं लागतं. मुलाला सहलीला जायचं असलं की तो आईला सांगे. काकांचा नकार काकूंमार्फतच परत जाई, आणि वाटेत त्याचा बहुधा होकार होई. गेल्या वर्षी काकू गेल्या.

मुलगा नोकरीसाठी कायमचा परदेशी निघालाय, हे काकांना शेजाऱ्यांकडून कळलं. जाण्याआधी भेटून जा, एवढंच त्यांना म्हणायचं होतं. वाक्य दात घासताना तयारही झालं होतं.

संध्याकाळी फोन वाजला.

"बाबा, मी बोलतोय."

"हां. थांब, आईला देतो," काका म्हणाले आणि फोन घेऊन स्वयंपाकघरात गेले.

ओट्यापाशी पोचल्यावर त्यांच्या लक्षात आलं. ओटा लख्ख होता. एकट्या माणसाचा ओटा फार स्वच्छ राहतो.

 पलीकडे मुलानं फोन ठेवला नव्हता.

"बरं," तो शेवटी म्हणाला, "तिला विचारा, शनिवारी येऊ का."

काका ओट्याकडे बघत उभे राहिले.

"तिला काय विचारायचंय त्यात," ते म्हणाले. "मी सांगतोय ना. ये."

"एकच रात्र जमेल, बाबा."

"चालेल. गादी उन्हात टाकतो."

मग दोघांनाही पुढचं सुचेना. बोलणं आवरतं घेऊन फोन ठेवण्याचं कामही इतकी वर्षं काकूच करत. तेव्हा बापलेक बराच वेळ फोन कानाला लावून, एकमेकांचा श्वास ऐकत, तसेच थांबले.