झोप न आणणारं औषध

ती बारा नंबरची बस चालवायची. नऊ वर्षं झाली होती आणि नऊ वर्षांत बसला साधा ओरखडा नव्हता. डेपोत तिला सगळे ताई म्हणायचे, तिच्याहून वयाने मोठे असलेलेसुद्धा. तिच्या बसवरचा कंडक्टर तर निवृत्तीला टेकलेला माणूस, पण तोही ताईच म्हणायचा. ती त्याला मास्तर म्हणायची.

दरवर्षी थंडी ओसरली की बारा नंबरच्या वाटेवरची झाडं फुलायची. फुलं कसली, नुसते पिवळट तुरे. वारा सुटला की त्यांची भुकटी उडायची आणि ताईचं नाक चालू व्हायचं. डोळे चुरचुरायचे, टाळूला आतून खाज सुटायची, आणि शिंका एकदा लागल्या की आठ-दहांशिवाय थांबायच्या नाहीत. हे अडीच महिने. नाकीनऊ येणं म्हणजे काय ते मला विचारा, असं ती हसत सांगायची. पण हसण्यासारखं त्यात फारसं नव्हतं. शिंकताना डोळे मिटतात, आणि तिच्यामागे साठ माणसं बसलेली असत. नाकात हुळहुळलं की वेग कमी करायचा, बस कडेला घ्यायची, हे तिने स्वतःला शिकवलं होतं. आठ मोसम असेच काढले.

उपाय करून झाले नव्हते असं नाही. घरी ती आणि तिची आई, दोघीच. आईने वाफ दिली, छातीला तेल चोळलं, गार पाणी बंद केलं. वाफेने अर्धा तास बरं वाटायचं. एकदा ती एका चकचकीत दवाखान्यातही जाऊन आली. आधी हातावर टोचून चाचण्या, मग तीन वर्षं इंजेक्शनं, असा बेत त्यांनी मांडला. खर्चाचा कागद तिने नीट वाचला, घडी करून पर्समध्ये ठेवला आणि पुन्हा त्या दाराची पायरी चढली नाही.

नवव्या वर्षी कोपऱ्यावरच्या दुकानातून तिने सर्दीची एक बारकी गोळी आणली. स्वस्त होती आणि लागूही पडली. नळ बंद करावा तशा शिंका थांबल्या. पापण्या मात्र जड व्हायला लागल्या. तिला वाटलं, दगदगीने होत असेल.

मग तो मंगळवार आला. दुपारची वेळ, चौकातला लाल दिवा, तिचा पाय ब्रेकवर. पुढचं तिला आठवत होतं ते फक्त घंटेचं. मास्तर दोरी ओढत होते, पुन्हा पुन्हा. तिने दचकून ब्रेक दाबला. बस पुढे सरकली होती आणि समोरच्या स्कूटरपासून वीतभर अंतरावर थांबली होती. स्कूटरवरच्या बाईने मागे वळूनही पाहिलं नाही. तिला कळलंच नव्हतं.

पुढच्या थांब्यावर ताईने बस कडेला लावली, पर्समधल्या गोळीच्या पाकिटामागची बारीक अक्षरं पहिल्यांदाच वाचली, 'झोप येऊ शकते', आणि डेपोला फोन करून दुसरा ड्रायव्हर मागवला. मास्तर खाली उतरून तिच्याजवळ आले. कोणाला काही लागलं नाही, कोणी काही पाहिलं नाही, तेव्हा डोकं दुखतंय एवढंच सांगावं, असं त्यांचं म्हणणं होतं.

"मास्तर, तुम्ही घंटा मारली नसती तर?"

मास्तरांनी चष्मा काढून पुसला.

डेपोच्या साहेबांना तिने सगळं सांगितलं, गोळीच्या नावासकट. साहेब माणूस वाईट नव्हता. पण त्यांच्यापुढे पर्याय नव्हता. झोप आणणाऱ्या औषधाशिवाय ती गाडी चालवू शकते, असा डॉक्टरचा दाखला येईपर्यंत तिला चाकावरून उतरवण्यात आलं. काम मिळालं पार्किंगच्या आवारात, बसगाड्या मोजून लावून घ्यायचं. आवार होतं नेमकं त्याच झाडांखाली. साहेबांच्या ते लक्षात आलं तेव्हा ते ओशाळले, पण दुसरी जागा रिकामी नव्हती.

त्या संध्याकाळी आईने जेवताना सुचवलं की पार्किंगचं काम काय वाईट आहे, पगार तर तोच. ताईने हात धुतले आणि म्हणाली, "आई, मी बस चालवायला शिकले तेव्हा अख्खी गल्ली हसत होती. तेव्हा नाही सोडली, आता नाकासाठी सोडू?"

सुट्टीच्या दिवशी ती सरकारी इस्पितळात गेली. नाक-कान-घशाच्या खोलीबाहेरची रांग जिन्यापर्यंत आली होती. तीन तासांनी तिचा नंबर लागला. आत एक तरुण डॉक्टरीण होती. तिने बॅटरी लावून नाकात पाहिलं, चार प्रश्न विचारले आणि कागदावर दोन औषधं लिहिली: नाकात मारायचा फवारा आणि शक्यतो झोप न आणणारी गोळी. हा त्रास मुळासकट जाईल असं सांगत नाही, पण आवरता येईल, असं ती म्हणाली. गोळीही आधी सुट्टीच्या दिवशी घेऊन बघायची, कारण एखाद्याला तिच्यानेही पेंग येते.

इस्पितळासमोरच्या दुकानात फवाऱ्याची किंमत ऐकून ताई काउंटरपाशी तशीच उभी राहिली. हेच औषध दुसऱ्या नावाने स्वस्तात येतं का, असं तिने विचारलं. दुकानदाराने नकारार्थी मान हलवली. दुसऱ्या दुकानात तिला नीट ऐकूनही घेतलं नाही. तिसरं दुकान मागच्या बोळात होतं, एका खोलीचं. चालवणाऱ्या बाई साठीच्या, केस पांढरेशुभ्र. त्यांनी कागद डोळ्यांजवळ धरला आणि मागच्या फळीवरून एक साधी बाटली काढली. औषध तेच, फक्त खोक्यावरचं नाव वेगळं. किंमत निम्म्याहूनही कमी.

ताईने पैसे पुढे केले. बाईंनी ते लगेच घेतले नाहीत.

"आधी कधी वापरलाय का हा?"

"दोन वर्षांपूर्वी, डेपोतल्या एकाने दिला होता. चार दिवसांत काही फरक पडेना, टाकून दिला."

"कसा मारलात ते दाखवा बघू. झाकण काढू नका."

ताईने मान मागे टाकली, बाटली नाकात सरळ वर धरली आणि जोरात श्वास ओढून दाखवला.

"म्हणजे औषध घशात गेलं आणि नाक राहिलं उपाशी," बाई म्हणाल्या. त्या काउंटरच्या बाहेर आल्या. मान जराशी खाली. उजव्या नाकपुडीला डावा हात, डावीला उजवा. टोक मधल्या पडद्याकडे नाही, कानाच्या बाजूला. श्वास हळू, फूल हुंगल्यासारखा. त्यांनी ताईकडून ते तीनदा करवून घेतलं. रोज मारायचा, बरं वाटलं तरी, आणि नाही वाटलं तरी. दोन आठवडे थांबायची तयारी नसेल तर आत्ताच बाटली परत ठेवा, असंही त्यांनी बजावलं. उकळून कोमट केलेल्या पाण्यात मीठ घालून नाक धुवायची रीत त्यांनी वेगळ्या कागदावर लिहून दिली. त्या कागदाचे पैसे नव्हते.

पहिला आठवडा फुकट गेला. आवारात पिवळी भुकटी बसच्या टपांवर साचायची आणि ताई तोंडाला फडकं बांधून गाड्या लावून घ्यायची. फवारा फेकून द्यावा असं वाटण्याइतकी तिची चिडचिड व्हायची, पण सकाळी दात घासले की बाटली हातात, हा नेम तिने मोडला नाही. मात्र नुसती वाट बघत बसणं तिच्या स्वभावात नव्हतं. शिंका कधी आणि कुठे येतात ते ती ड्यूटीच्या कागदामागे लिहायला लागली. पाच दिवसांनी कागद पाहिला तर एक गोष्ट विचित्र दिसली. सर्वांत जास्त शिंका सकाळी घरातच येत होत्या, खिडक्या बंद असताना, गणवेश चढवला की.

गणवेश आई गॅलरीत वाळत घालायची. कडक उन्हाशिवाय कपडा शुद्ध होत नाही, यावर तिचा ठाम विश्वास होता. ताईने वाद घातला नाही. एक काळं फडकं ओलं करून तिने दिवसभर गॅलरीत टांगलं आणि संध्याकाळी आईपुढे धरलं. त्यावर पिवळा थर होता. आईने त्यावर बोट फिरवलं, बोट पाहिलं. दुसऱ्या दिवशी ताई घरी आली तेव्हा आतल्या खोलीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत दोरी बांधलेली होती.

मग तिने डेपोतल्या मेकॅनिकला गाठलं. बारा नंबरच्या बसमधली, ड्रायव्हरच्या तोंडावर वारा सोडणारी जाळी उघडून बघ, म्हणून त्याच्या मागे लागली. तो कुरकुरत आला. जाळी निघाली तशी आतून मूठभर पाचोळा आणि पिवळी धूळ त्याच्या मांडीवर पडली, आणि शिंकायची पाळी त्याच्यावर आली. बस आल्यापासून ही कोणी उघडलीच नसणार, असं तो म्हणाला, आणि न सांगता शेजारच्या दोन गाड्यांच्याही जाळ्या खोलायला गेला.

तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी ताई झाडांखालून चालत गेली आणि आवाराच्या टोकाशी पोहोचल्यावर तिच्या लक्षात आलं की आपण शिंकलेलो नाही. ती थांबली, पुन्हा मागे गेली, पुन्हा आली. डोळे थोडे चुरचुरले, एवढंच. नवी गोळी तिने दोन सुट्ट्यांना घेऊन पाहिली होती. पेंग आली नव्हती.

पाचव्या आठवड्यात डॉक्टरिणीने दाखला दिला. साहेब स्वतः शेजारी बसले आणि तिने रिकामी बस अख्ख्या मार्गावर फिरवून आणली. वाटेत एकदा शिंक आली. तिने वेग उतरवला, बस कडेला घेतली, शिंकली आणि आरसे बघून पुन्हा निघाली. साहेबांनी कागदावर सही केली. दुसऱ्या दिवशी बारा नंबर तिच्याकडे आली.

आठवड्याभराने साहेबांनी सकाळच्या हजेरीला तिला सगळ्या ड्रायव्हरांसमोर बोलायला उभं केलं. तिला भाषण येत नव्हतं. झोप कशी लागली ते तिने सांगितलं, बोळातल्या दुकानाचा पत्ता दिला, आणि बाटली कशी धरायची ते करून दाखवलं. मागून कोणी तरी खिदळलं. हजेरी मोडली, सगळे आपापल्या गाड्यांकडे गेले.

एक जण मागे राहिला. सतरा नंबरवाला, मिशीवाला धिप्पाड गडी, जो तिच्याशी कधी दोन शब्दांच्या वर बोलला नव्हता. तो चाव्यांचा जुडगा हातात खेळवत राहिला.

"ती बारकी गोळी," तो हळू आवाजात म्हणाला. "मी चार वर्षं घेतोय."

ताईने त्याच्याकडे पाहिलं. "आज घेतलीत?"

त्याने मान हलवली. होय.

"मग चाव्या द्या इकडे आणि चला साहेबांकडे. मी येते बरोबर. माझी बस निघायला अजून वीस मिनिटं आहेत."

तो हलला नाही. घरी तीन पोरं आहेत, असं काहीसं पुटपुटला.

"मलाही कामावरून काढलं नाही," ती म्हणाली. "गुरुवारी माझी सुट्टी आहे. इस्पितळाची रांग मला माहीत आहे. सकाळी सातला जिन्यापाशी या."

त्याने चाव्या तिच्या हातावर ठेवल्या, आणि दोघं साहेबांच्या खोलीकडे निघाली.