म्हातारबा लॅपटॉप आणि शनिवारची रात्र

मित्रांनो, मी जुना आहे हे मीच आधी सांगून टाकतो, म्हणजे तुम्हाला ती तसदी नको. माझ्या एका बिजागरीला चिकटपट्टी आहे, पंखा घरघरतो आणि मधूनच मी अडून बसतो. तरीही माझी मान ताठ आहे. का, ते ऐका.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यातला. आमची ताई दवाखान्यांसाठी कवळ्या बनवते. परदेशी नोकरीला निघताना तिने मला हौसेने निवडलं. विमानात मी तिच्या मांडीवर बसून आलो, सामानात नाही! पुढे कितीतरी दातांचे आराखडे तिने माझ्यावर काढले. "याच्यासारखा गुणी कुणी नाही," असं ती ज्याला त्याला सांगायची. मग नवा मोबाइल आला आणि माझी रवानगी कपाटावर, रिकाम्या बॅगेखाली झाली. धूळ खात पडणं म्हणजे काय, ते मला तिथे कळलं. फार वाईट वाटायचं.

अशात ताईच्या आईच्या हृदयाची शस्त्रक्रिया ठरली, सोमवारी सकाळची. "तू आल्याशिवाय मी आत जायची नाही," आई फोनवर म्हणाली. ताईची सुट्टी शनिवारी संध्याकाळी काम संपल्यावर सुरू होणार होती, आणि स्वस्त तिकीट मिळालं तरच जाणं जमणार होतं.

पण मोबाइलवर बघावं तेव्हा भाडं चढलेलंच! ताईचे यजमान लिफ्ट दुरुस्त करतात. यंत्रांवर त्यांचा भारी संशय.

"हा मोबाइल आपल्याला ओळखतो. आपली नड दिसली की विमानवाले भाव चढवतात. म्हातारबाला काढ, त्याला कुणी ओळखत नाही," ते म्हणाले.

म्हातारबा म्हणजे मी. असा मी खाली उतरलो.

एक विमान स्वस्त, तर वाटेतल्या देशाचा व्हिसा हवा. दुसरं स्वस्त, तर बॅगेचं भाडं तिकिटाच्या तोडीचं. त्यात इथलं कार्ड साइटला चालेना, म्हणून मायदेशातल्या बँकेचं कार्ड शोधून काढलं. त्याचा ओटीपी जायचा तिकडे, दादाच्या मोबाइलवर. दादा म्हणजे ताईचा मोठा भाऊ, प्रत्येक काम अगदी रीतसर करणारा. तो चष्मा लावून मेसेज पहिल्या शब्दापासून वाचायचा, "प्रिय ग्राहक, आपल्या कार्डावरून..." आकड्यापर्यंत पोचेतो मुदत संपलेली आणि तिकीट हातचं गेलेलं असायचं.

शेवटी एक स्वस्त विमान सापडलं. शनिवार, रात्री बारा वाजून गेल्यावर.

"कामावरून ये, जेव आणि नीघ!" यजमान ओरडले. "दाब लवकर, नाहीतर हेही जाईल."

ताईने बटण दाबलं आणि मी अडलो. पडद्यावर चक्र नुसतं गरगरत राहिलं. यजमानांनी माझ्या पाठीत दोन थापट्या घातल्या. "ऐन वेळी दगा देतोय खटारा!"

ताईला दुसरं करण्यासारखं काही नव्हतं, म्हणून ती समोरचं पान वाचत बसली.

"अहो, ही कुठली रात्र?"

"शनिवारची. अजून कुठली?"

"पण बारा वाजले की वार बदलतो ना? म्हणजे हे शुक्रवारी रात्रीच जाणार! शनिवारी मी कामावरून येईन तेव्हा ते कधीच उडालेलं असेल."

यजमानांनी पान खालपर्यंत सरकवून अटी वाचल्या. ते तिकीट बदलून मिळणारं नव्हतं, पैसेही परत मिळणार नव्हते. दुसरं घेण्याची ऐपत नव्हती.

माणसांचा दिवस झोपून उठल्यावर बदलतो. माझ्या कोपऱ्यातलं घड्याळ मात्र बाराच्या ठोक्याला वार बदलतं. मी मुद्दाम अडलो, अशी थाप मी मारणार नाही. पण ओटीपीचं पान उघडायच्या आत अडलो तो मीच ना? मग ऐटही मीच मिरवणार!

ताईने मला बंद करून पुन्हा सुरू केलं आणि त्याच विमानाची रविवारची तारीख टाकली. थोडं महाग पडलं, म्हणून मोठी बॅग घरीच ठेवायचं ठरलं.

"दादा, प्रिय ग्राहक राहू दे! नुसते आकडे वाच!" ताई फोनवर किंचाळली. दादाने आकडे वाचले आणि तिकीट हाती आलं.

मित्रांनो, आमच्यासारखे जुने कधी अडले तर त्यांना थापट्या मारू नका. अंगावरची धूळ पुसा, जरा दम घेऊ द्या, आणि तेवढ्या वेळात समोरचं नीट वाचून घ्या. माझं एवढंच मागणं आहे.

आई आता बरी आहे. पण त्या सोमवारी तिला आत नेण्याआधी यजमानांनी मला टेबलावर उघडलं, तो क्षण मी विसरणार नाही. मी कपाटावर जाण्याआधी इतकी वर्षं व्हिडिओ कॉलवर मायलेकी माझ्या पडद्यावर दोन वेगळ्या चौकटींत दिसायच्या. त्या सकाळी एका चौकटीत यजमान एकटेच होते, आणि दुसरीत आईचा हात घट्ट धरून आमची ताई बसली होती.