देवाच्या उत्तराची जागा

जनाआत्यानं कानावरचा हेडफोन काढला आणि भगीरथच्या हातात ठेवला.

"इथं काय घातलंस रे?"

"कुठं?"

"देवाच्या उत्तरात."

कुठं ते भगीरथला लगेच कळलं होतं. तरी त्यानं लॅपटॉपवर गाणं उगाच मागंपुढं करून शोधल्यासारखं केलं. शेणवे गावातल्या त्याच्या भाड्याच्या खोलीत पंखा बंद होता. रेकॉर्डिंगपासून तो बंद ठेवायची सवयच लागली होती. आत्या डोळखांबच्या वरच्या पाड्यावरून आधी चालत, मग जीपनं आली होती आणि अजून पाणीही प्यायली नव्हती.

गाणं तिच्याच तोंडचं होतं. दिवाळीच्या तोंडावर वाघबारशीला पाड्यातल्या बाया वाघदेवाच्या दगडापुढं उभ्या राहून ते म्हणत. 'भात आलं देवा, नागली आली, सांग तुझी वाट कुणी अडविली?' एवढं विचारून झालं की सगळ्या गप्प. देव उत्तर देतो. ते कुणाला ऐकू येत नाही, पण तेवढा वेळ कुणी हलतही नाही. पोर कुरकुरलं तर आई त्याच्या तोंडावर पदर धरते. मग पुढचं कडवं, आणि त्याच्या शेवटी पुन्हा सवाल. आत्याच्या रेकॉर्ड केलेल्या आवाजाखाली भगीरथनं सिंथेसायझरचे सूर आणि बीट घातले आणि गाणं खरोखरच झकास झालं. त्याची आधीची गाणी त्याच्या मित्रांनीसुद्धा शेवटपर्यंत ऐकली नव्हती. हे ऐकून मात्र शहापूरच्या साउंडवाल्या अक्षयनं मान डोलावली होती, आणि अक्षय काही उगाच मान डोलावणाऱ्यातला नव्हता. त्याच्या साउंडच्या गाडीवर गाणं चढलं की लग्नसराईत ते मुरबाडपर्यंत हळदीहळदीत वाजणार, हे ठरलेलं.

फक्त मध्येमध्ये आवाज जातो तेवढं भर, असं अक्षय म्हणाला होता. नाचणारा माणूस एकदा थांबला की खुर्चीत जाऊन बसतो आणि मग उठता उठत नाही. म्हणून भगीरथनं त्या जागांत ढोल भरला होता.

"आत्या, ह्याच्यावर लोक नाचणार. मधीच बंद पडलं तर वाटंल वायर निघाली."

"नाचू दे की. आमी काय नाचत नाय? पण आपणच इचारायचं नि आपणच बडबडत ऱ्हायाचं? त्यानं बोलायचं कवा?"

भगीरथनं लॅपटॉपचं झाकण अर्धं मिटलं.

"तेवढी जागा सोड," आत्या म्हणाली. "बाकी तुला काय घालायचं ते घाल. नायतर माझा आवाज काढून टाक."

तिचा आवाज काढला तर गाण्यात काय उरणार, हे दोघांनाही ठाऊक होतं. भगीरथनं तिच्यादेखत ढोल काढला आणि गाणं पुन्हा ऐकवलं. रिकामी जागा आली तशी आत्यानं डोळे मिटून हात जोडले. मग ती पाणी प्यायली, तिनं भाच्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि ती जीप गाठायला निघाली.

ती वळणाआड गेल्यावर त्यानं ढोल परत घातला. त्याला वाईट वाटलं, अगदी मनापासून वाटलं. पण वाईट वाटत असतानाच त्यानं गाणं अपलोड करून टाकलं. पोस्टरवर तिचा फोटो मोठा घेतला, नावही तिचंच आधी. तिच्याकडे साधा फोन, ती कुठं ऐकणार, अशी त्यानं स्वतःची समजूत घातली.

जणू लग्नं फक्त शहापुरातच लागत होती.

गाणं चाललं, आणि चालत चालत थेट आत्याच्या पाड्यात पोचलं. तिच्या शेजारच्या रंजिताची हळद होती. साउंड अक्षयचा, आणि त्याच्या शेजारी मिक्सरजवळ भगीरथ. आत्या मांडवात बायांमध्ये बसली होती, हात कोपरापर्यंत पिवळे. गाणं लावू नको म्हणायला भगीरथ वाकला, तोवर अक्षयनं माइक हातात घेतलाही होता.

"आता तुमच्याच पाड्याचं गाणं, जनाबाईंचं!"

बीट सुरू झाला आणि सगळा मांडव उठला. गॉगलवाली पोरं, करवल्या, पिवळीजर्द रंजिता, झाडून सगळे. भगीरथचा ऊर भरून आला. याचसाठी त्यानं सगळं केलं होतं.

सांग तुझी वाट कुणी अडविली?

आणि सगळे थांबले. कुणी कुणाला सांगितलं नाही. एका गॉगलवाल्याचा वर गेलेला हात वरच राहिला. रंजितानं मान खाली घातली. एका बाईनं कडेवरच्या पोराच्या तोंडावर पदर धरला. ढोल तेवढा एकटाच वाजत राहिला.

"काय झालं रे?" अक्षय कुजबुजला. "ह्यांना आवडलं नाय काय?"

पुढचं कडवं आलं तसे सगळे पुन्हा नाचू लागले, जसं काही झालंच नव्हतं. आत्या मात्र भगीरथकडे बघत होती. रागानं नाही. तिनं पिवळ्या हातांनी पदर सारखा केला आणि ती बघत राहिली.

पुढचा सवाल आला आणि भगीरथनं बटण दाबलं. गाणं थांबलं. अक्षय वायरीकडे धावला, तसं भगीरथनं त्याचं मनगट धरलं. मांडवात जनरेटरची तेवढी घरघर उरली. आत्यानं डोळे मिटले, हात जोडले.

बोट बटणावर तसंच होतं. लॅपटॉपवर ही जागा त्यानं बीटच्या मापानं कापून भरली होती. खरं उत्तर किती वेळ चालतं, ते त्याला माहीतच नव्हतं. आत्या डोळे कधी उघडते, याची वाट बघत तो उभा राहिला.