पाचवी शिट्टी झाल्याशिवाय गाणं संपत नाही

मी एक जुना कुकर आहे, मित्रांनो. पाच लिटरचा, एका अंगाला पोचा आलेला. पण म्हणून मला अडगळीत काढायला निघाला असाल तर जरा थांबा. मी एका ब्राझिलियन बँडमध्ये वाजतो, आणि तुमच्यापैकी कितीजण स्टेजवर उभे राहिलेत?

मला पुण्यात आसावरीच्या आईने घेतलं. लेक नोकरीसाठी अमेरिकेत, ॲरिझोनातल्या चँडलरला निघाली, तेव्हा मी तिच्या बॅगेत चादरींच्या घड्यांत बसून आलो. दिवसभर ती कॉम्प्युटरच्या चिप बनवणाऱ्या कंपनीत राबायची आणि संध्याकाळी मी वरणभात शिजवायचो. अपार्टमेंटच्या भिंती पातळ. एकदा माझी शिट्टी ऐकून शेजारची थाइस धावत आली. आग लागली असं तिला वाटलं होतं.

थाइस आणि तिचा भाऊ रेनान मिळून 'दोमिंगो तोर्तो' नावाचा बँड चालवत. त्यांच्या भाषेत त्याचा अर्थ वाकडा रविवार. ती गायची, तो ड्रम वाजवायचा. पॉप-रॉकमध्ये ते शिवणयंत्र मिसळत, टाइपरायटर मिसळत, आणि त्यांच्या पहिल्या अल्बमकडे कुत्रंही फिरकलं नव्हतं.

कुकर थाइसला नवा नव्हता. ब्राझीलमध्ये काळ्या बीन्स कुकरमध्येच शिजतात. पण तिकडचा कुकर सारखा फुसफुसत राहतो. मी दम धरतो आणि मनात आलं की एकदाच किंचाळतो. थाइस माझ्यापुढे बसूनच राहिली.

"आता परत कधी वाजेल?" तिने विचारलं.

"ते त्यालाच ठाऊक," आसावरी हसून म्हणाली.

तिने मला बँडला वापरायला दिलं, आणि त्यातूनच त्यांचं ते गाणं निघालं. स्टेजवर विजेची शेगडी, शेगडीवर मी, माझ्या पोटात भिजवलेल्या बीन्स. पाचवी शिट्टी झाली की गाणं संपायचं. कधी लवकर, कधी इतकं लांबायचं की रेनानचे हात भरून येत. मग वाफ जिरेपर्यंत सगळं सभागृह गप्प बसे, आणि झाकण उघडलं की वाटी वाटी बीन्स वाटल्या जात. दुसरा अल्बम गाजला. आम्ही व्हॅनमधून टेक्सास पाहिलं, सिॲटल पाहिलं. मला तर अंगठ्याएवढ्या पोरांनीही टाळ्या वाजवल्या. फुगलो असेन थोडा. कुकरच तो, फुगणारच.

मग एका मोठ्या रेकॉर्ड कंपनीचे साहेब आले. "गाणं तीन मिनिटांचं करा," ते म्हणाले. "शिट्टी रेकॉर्ड करून ठेवा, बटण दाबलं की वाजेल. तिसरा अल्बम आम्ही काढतो." रेनानला नुकती मुलगी झाली होती, व्हॅनमधल्या झोपेला तो विटला होता. थाइसने त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि होकार दिला. माझ्या शिट्टीचा आवाज त्यांनी रेकॉर्ड करून ठेवून घेतला, मला आसावरीकडे परत पाठवलं.

तिच्याकडे तोवर बटणांचं इलेक्ट्रिक भांडं आलं होतं. तिचा नवरा सिद्धेश म्हणाला, "डोनेट करून टाक ना यार, जागा कुठेय?"

"आईने दिलाय तो," ती म्हणाली, आणि मला गराजमध्ये ठेवलं. ॲरिझोनाचा उन्हाळा गराजमध्ये काढून बघा एकदा! माझं गास्केट वाळून सैल पडलं. राग आला होता मला, अजूनही येतो.

नव्या अल्बमचा पहिला कार्यक्रम फीनिक्समध्ये, रविवारी दुपारी होता. त्या सकाळी थाइस दारात उभी.

"ते बटण कधी वाजणार ते मला माहीत असतं," ती म्हणाली. "मला गाताच येत नाही. कुकर दे."

आसावरीने मला उचललं आणि तीही गाडीत बसली.

गाणं सुरू झालं. माझ्या कडेने वाफ फस्स करून निसटू लागली. शिट्टी येईना. पुढच्या रांगेतले साहेब उठून ओरडले, "रेनान, बटण दाब!" बटण रेनानच्या हाताशीच होतं. त्याने बटणाकडे पाहिलं, मग बहिणीकडे, आणि ड्रम आणखी जोरात वाजवू लागला.

तेवढ्यात आसावरी स्टेजवर चढली. मला शेगडीवरून उतरवलं, वाफ जिरू दिली, झाकण काढलं आणि गास्केट बारच्या बर्फाच्या बादलीत बुडवलं. घरोघरी करतात तोच उपाय. गास्केट आवळलं, झाकण बसलं. बँड थांबला नाही, लोकही उठले नाहीत.

मी दम धरला. आणि मग असा किंचाळलो की साहेबांनी कान झाकले! पाचव्या शिट्टीपर्यंत ते थांबलेच नाहीत. त्यांच्याबरोबर तो करारही गेला. वाफ जिरत असताना रेनान थाइसला म्हणाला, "व्हॅनमध्ये मुलीची सीट बसवायला हवी."

आज आम्ही लहान जागी वाजवतो. कधी श्रोत्यांपेक्षा बीन्स जास्त होतात. तेव्हा मित्रांनो, घरातल्या जुन्या कुकरचं गास्केट वेळेवर बदला, शिट्टी धुऊन ठेवा, त्याला उन्हात टाकू नका. वाफ कोंडलेली असताना कुणाचंही झाकण ओढू नका. आणि कधी वाजणार, असं मला विचारू नका. बसा, वाटी हातात घ्या. माझं अजून शिजतंय.