पवईचे पाणी आणि अनुपमाच्या पाटल्या

मी एक जुना तराजू आहे. मित्रांनो, हे वाचून तुमच्या डोळ्यांपुढे भाजीवालीची लोंबणारी पारडी आली असतील, तर ती आधी बाजूला सारा. मी प्रयोगशाळेतला तराजू आहे. मला राहायला काचेची पेटी आहे आणि माझी वजने मखमलीच्या खळग्यांत झोपतात. त्यांना बोट लावायचे नाही, चिमट्यानेच उचलायचे, कारण बोटाचा घामसुद्धा मला समजत असे. आता मी अंधेरीच्या एका कॉलेजात खिडकीखालच्या फळीवर पडून आहे आणि लोक माझ्या पेटीवर चहाचे कप ठेवतात.

माझा जन्म विलायतेतला. माझी दांडी पितळेची आहे आणि ती जिच्यावर तोल सांभाळते ती धार अकीकाच्या दगडाची. एका म्हाताऱ्या कारागिराने ती श्वास रोखून घासली होती. मी बोटीने मुंबईला आलो, तेव्हा देश स्वतंत्र होऊन थोडीच वर्षे झाली होती. कॉलेज नवे होते, भिंतींना चुन्याचा वास होता, आणि साऱ्या इमारतीत चांगला तराजू म्हणाल तर मी एकटाच होतो.

त्यामुळे विद्यापीठाच्या पदवीसाठी जो कोणी काही शोधत असे, तो शेवटी माझ्या दारी येई. प्राणिशास्त्राचा नंदकुमार वेसाव्याच्या मथुरा कोळिणीकडून ताजे मासे आणी आणि त्यांची काळिजे काचेच्या बशीत घालून माझ्यापुढे ठेवी. इतिहासाचा श्यामकांत बोरीवलीकडच्या मातीत सापडलेली तांब्याची नाणी तोलून कोणत्या राजाने तांबे चोरले ते शोधत बसे. उत्तरा गवताचे बी आणी. अर्थशास्त्रातला एक गृहस्थ चक्क पाव घेऊन आला होता, कारण महागाईत बेकरीवाला पाव किती बारीक करतो यावर त्याला प्रबंध लिहायचा होता. मला या सगळ्यांची गंमत वाटे. राजाचे पाप आणि बेकरीवाल्याचे पाप एकाच सकाळी माझ्या पारड्यात येऊन जाई, आणि मी दोघांनाही सारखाच न्याय देत असे.

पण माझा जीव जडला तो सुहासिनीवर. घाटकोपरच्या एका कारकुनाची ही मुलगी रसायनशास्त्रात एम.एस्सी.चा प्रबंध करत होती. विषय होता पवईच्या तलावाचे पाणी. बसने ती पाण्याच्या बाटल्या आणी, पाणी मुशीत आटवी आणि मागे उरलेला चिमूटभर थर माझ्याकडे घेऊन येई. माझा काटा स्थिर होईपर्यंत ती पदर नाकाला लावून बसे. तिच्या श्वासाने मी हलू नये, एवढी तिला माझी काळजी. "प्रबंध झाला तर इथेच डेमॉन्स्ट्रेटरची जागा मिळेल," असे तिने एकदा उत्तराला सांगितलेले मी ऐकले होते. "नाही झाला तर मुलुंडचं स्थळ आहेच. बाबांनी या वर्षापुरताच वेळ दिलाय."

तिचे मार्गदर्शक म्हणजे मार्तंड सर. मोठा दरारा होता त्यांचा. दर वर्षी नव्या मुलांना माझ्यासमोर उभे करून ते बजावत, "कळ फिरवून दांडी आधी खाली टेकवायची. मग पारड्यात वस्तू ठेवायची. आणि दोनशे ग्रॅमच्या वर काही ठेवाल, तर कॉलेजातून नाव कापीन." मला ते फार आवडत. माझी इतकी कदर करणारा माणूस दुसरा नाही, असे मी समजत होतो.

मग त्यांच्या अनुपमाचे लग्न ठरले. एका रविवारी दुपारी त्यांनी शिपाई रामनाथला प्रयोगशाळा उघडायला लावली. बरोबर त्यांच्या पत्नी होत्या आणि त्यांच्या हातात रुमालाची पुरचुंडी होती. सोनाराने सोने मारले की काय, असा बाईंना संशय होता. सर पाटली पाटली वेगळी तोलू लागले. बाईंना दम निघेना.

"अहो, असं एकेक करत बसलात तर संध्याकाळ होईल. घ्या, सगळं एकदम ठेवा."

आणि त्यांनी पाटल्या, तोडे, गोठ, सारे सोने पुरचुंडीसकट माझ्या पारड्यात टाकले. दांडी तेव्हा टेकवलेली नव्हती. काडकन आवाज झाला. माझ्या धारेचा कपचा उडाला होता, मित्रांनो. कसे दुखले ते मी सांगत नाही. सरांनी तो आवाज ओळखला असावा, कारण त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी सोने उचलले, पेटीचे दार लावले आणि रामनाथला म्हणाले, "तुझ्या भावाला इथे कॉलेजात नाइट ड्यूटीला चिकटवायचंय ना? बघू. आज इथे कोणी आलं नव्हतं."

सरांना त्या वर्षी विभागप्रमुख व्हायचे होते. माझी दुरुस्ती मागायची तर मी कसा बिघडलो ते प्राचार्यांना सांगावे लागले असते.

सोमवारी सुहासिनी आली. तिने माझ्यात मूस ठेवली, आकडा घेतला, पुन्हा ठेवली, आणि आकडा वेगळा आला. तिने पारडी उंटाच्या केसांच्या कुंचल्याने पुसली, खिडकी बंद केली, पुन्हा तोलले. मी जिवाचा आटापिटा करत होतो, पण माझी दांडी तुटक्या धारेवर अडखळत होती. पावसाळ्यानंतरच्या पाण्याचे तिचे सगळे काम असे माझ्याकडून नासले. शेवटी ती सरांकडे गेली. "सर, तराजू बिघडलाय."

"तराजू?" सर म्हणाले. "याच तराजूवर बाकीची मंडळीही काम करतात. आपण त्यांनाच विचारू."

आणि त्यांनी खरोखरच सगळ्यांना माझ्यासमोर बोलावले.

"नंदकुमार, तराजूची काही तक्रार?"

"छे सर, आपलं काम झकास चाललंय."

"श्यामकांत?"

"नाण्यांना तर काही फरक पडला नाही, सर."

उत्तरा म्हणाली, "माझंही ठीक येतंय," आणि तिने सुहासिनीकडे पाहिले.

मित्रांनो, यांपैकी कोणीही खोटे बोलले नाही. माशाच्या काळजाला आणि तांब्याच्या नाण्याला ढोबळ वजन पुरते. सुहासिनीच्या पाण्यातला थर मात्र डोळ्यांना नीट दिसतही नसे. तिने तसे सांगितले. "सर, यांना दशांशाचा पहिला आकडा चालतो. मला चौथा लागतो."

"चौथ्या आकड्याला हात स्थिर लागतो, मुली," सर हळुवार आवाजात म्हणाले. "आणि मनही. तुझं हल्ली घरी काय काय चाललंय ते आमच्या कानावर आहे."

कोणीतरी हसले. तिने दारात चहाचा ट्रे घेऊन उभ्या असलेल्या रामनाथकडे पाहिले. "रामनाथ, सुट्टीच्या दिवशी कोणी हात लावला होता का रे याला?"

रामनाथने ट्रेकडे पाहत सांगितले, "नाय ताई. मी तर उघडलंच नाय."

तिचा प्रबंध पुढे गेला नाही. शेवटच्या दिवशी तिने माझी वजने एकेक करून मखमलीत ठेवली, कळ फिरवून दांडी टेकवली आणि पेटीच्या काचेवर क्षणभर हात ठेवला. त्या दिवसाइतका मी स्वतःचा कधी तिरस्कार केला नाही.

पुढच्या वर्षी सर विभागप्रमुख झाले आणि लगेच नवा तराजू आला. सुहासिनीच्या बाटल्या फळीवरच होत्या, तिच्या अक्षरातल्या चिठ्ठ्यांसकट. नव्या तराजूवर ते काम सरांनी दुसऱ्या मुलाकडून करून घेतले, आणि पवईच्या पाण्यावरचा निबंध सरांच्या नावाने छापून आला. कॉलेजने त्यांना नारळ आणि शाल दिली. मला या फळीवर टाकले.

एकदाच ती परत आली. लग्नाची पत्रिका आणि अक्षता द्यायला आली होती, कारण गुरूला आमंत्रण द्यायलाच हवे, असे वडिलांनी बजावले होते. अनुपमा माहेरी आली होती आणि त्या दिवशी बापाकडे प्रयोगशाळेत बसली होती. हातात त्याच पाटल्या. तिच्या मनात काही पाप नव्हते. माझ्याकडे बोट दाखवून ती म्हणाली, "अगं, माझं सगळं सोनं बाबांनी याच्यावरच तोललं होतं. आईने सगळं एकदम ओतलं, आणि असा आवाज झाला म्हणे, की बाबा तिच्यावर घरी येऊन केवढे चिडले."

सुहासिनीने पत्रिका सरांपुढे ठेवली. ती माझ्याजवळ आली, फळीवर माझी पेटी उघडली आणि हातातल्या अक्षतांतला एक दाणा माझ्या डाव्या पारड्यात ठेवला. मग कळ फिरवली. मी सारे बळ एकवटले. मित्रांनो, पूर्वी मला धुळीचा कण कळत असे. त्या दिवशी माझा काटा हलला नाही.

"सर, याला तांदळाचा दाणाही कळत नाही आता."

मार्तंड सरांनी पत्रिकेवरून नजर उचलली. मला वाटले, आता तरी हा माणूस मान खाली घालील. ते प्रेमाने हसले.

"जुना झालाय गं तो. पण तुझ्या लग्नाचं सोनं तोलायचं असेल तर खुशाल घेऊन ये. तेवढं अजून कळतं त्याला."

तिने त्यांना वाकून नमस्कार केला, कारण घरून तसे सांगितले होते, आणि ती गेली. तो दाणा मात्र ती विसरली की मुद्दाम ठेवून गेली, कोण जाणे. तो अजून माझ्या पारड्यात आहे.

मित्रांनो, वस्तू जपून वापरा, असे मी तुम्हाला सांगणार होतो. वजन ठेवण्याआधी दांडी टेकवा, चिमटा वापरा, पेटी झाका, हे तर कराच. पण उद्या तुमच्यात एखादी मुलगी उभी राहून म्हणाली की तराजू बिघडलाय, आणि बाकी सगळ्यांचे काम झकास चाललेले असले, तर एवढे करा. हसण्याआधी त्या तराजूच्या पारड्यात एक दाणा ठेवून पाहा.