मागच्या दाराचा नियम

मित्रांनो, तुम्ही मला पाहिलेले नाही आणि पाहण्यासारखे माझ्यात फारसे काही नाही. एका फाइलमधला चार ओळींचा जुना नियम, एवढीच माझी ओळख. मला रंग नाही, आकार नाही, गंजायला अंगावर लोखंड नाही. पण जीव जळायला यातले काहीच लागत नाही, हे मी अनुभवाने सांगतो.

आधी माझे काम समजून घ्या. एका डायलिसिस केंद्राचे वेळापत्रक एका सर्व्हरवर, म्हणजे दूरच्या शहरात भाड्याने घेतलेल्या संगणकावर राहते. कोणत्या रुग्णाला कोणत्या दिवशी, किती वाजता, कोणत्या यंत्रावर घ्यायचे ते सगळे तिथे. त्या संगणकाच्या तोंडाशी फायरवॉल नावाचा रखवालदार उभा असतो. त्याला स्वतःची अक्कल नाही. फाइलमध्ये लिहिलेले नियम तो वरून खाली वाचत जातो आणि जो पहिल्यांदा लागू पडेल त्याचे ऐकतो. खालच्यांकडे ढुंकूनही पाहत नाही. पुढच्या दारातून केंद्रातली माणसे वेळापत्रक बघतात. मागचे दार दुरुस्तीचे. मी त्या मागच्या दाराचा नियम.

मला दोन बहिणींतल्या थोरलीने लिहिले. त्या वेळापत्रकाची देखभाल तिच्याकडे. ती आईजवळ राहते. घराच्या वरच्या खोलीत तिचे ऑफिस आहे, खाली इस्त्रीवाल्याचे दुकान. त्यामुळे वरची फरशी थंडीतही कोमट असते आणि थोरली चपला काढूनच कामाला बसते. त्या दिवशी ती स्वतःशी पुटपुटत मला लिहीत होती, खोडत होती, पुन्हा लिहीत होती. शेवटी ठरले ते असे, ‘या घरच्या इंटरनेटवरून कोणी आले तर आत सोड.’ आणि माझ्या खाली शेवटची ओळ, ‘बाकी कोणालाही सोडू नकोस.’ मग तिने आईला हाक मारून सगळे वाचून दाखवले.

आई चष्मा पुसत म्हणाली, "म्हणजे कडी घातलीस आणि किल्ली स्वतःच्या कमरेला लावलीस. एवढंच ना? मग सकाळपासून काय बडबडत होतीस?"

थोरली हसली. मला मात्र फार अभिमान वाटला. पुढच्या दाराच्या नियमाकडे दिवसभर वर्दळ असे, त्याचा मला थोडा हेवा वाटायचा, नाही असे नाही. पण त्याच्याकडे कोणीही येई. माझ्याकडे फक्त थोरली. तिची टकटक आली की रखवालदार माझ्यापाशी येऊन थांबे आणि दार उघडे. अशी कित्येक वर्षे सुखात गेली.

मग धाकटी या कामात आली. ती थोरलीची सख्खी बहीण, लग्न होऊन गावाच्या दुसऱ्या टोकाला राहायला गेलेली. हात भराभर चालणारा, बोलणे त्याहून भराभर. केंद्राचा मॅनेजर आठवड्याभरात तिच्यावर खूश. पण तिला मागच्या दाराने आत जायचे तर या वरच्या खोलीत येऊन बसावे लागे, कारण मी दुसरीकडून आलेल्याला ओळखतच नव्हतो.

"ताई, माझ्या घरूनही आत येता येईल असं कर ना," ती फोनवर म्हणे.

"करते गं. बघते उद्या."

"गेला महिनाभर उद्याच चाललंय तुझं. दोन बस बदलून येते मी. बहीण आहे की पाहुणी?"

थोरली म्हणे, "उद्या नक्की," आणि फोन ठेवून दुसऱ्या कामाला लागे. खरे सांगायचे तर एक ओळ वाढवायला तिला दोन मिनिटे लागली नसती. पण त्या खोलीत, त्या दारापाशी तिचाच शब्द चाले, आणि तो तसाच चालावा असे तिला वाटे. मलाही तेच वाटे. धाकटीचे नाव निघाले की माझ्या पोटात दुखू लागे.

एका दुपारी थोरली आईला घेऊन डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेली. फोन पिशवीत, पिशवी आईच्या मांडीवर, आई अर्धवट झोपेत. तेवढ्यात केंद्रातले वेळापत्रक अडकले. मॅनेजरने थोरलीला फोन लावून लावून शेवटी धाकटीला लावला. आम्हा नियमांची फाइल सर्व्हरच्या बाहेर असते आणि ती दोघींनाही उघडता येई, पण ताईला विचारल्याशिवाय धाकटी तिला हात लावत नसे. आता तिने आपल्या घरून मला बदलून पाहिले, पण मी माणूस ओळखतो तो इंटरनेटच्या पत्त्यावरून, आणि तिच्या घरचा पत्ता सारखा बदलणारा. एकदा आत गेली, लगेच बाहेर फेकली गेली. फोनवर मॅनेजर घायकुतीला आलेला. मग तिने मला पूर्ववत केले आणि माझ्या वर, बरोबर माझ्या डोक्यावर, एक नवा नियम लिहिला, ‘कुठूनही, कोणीही आले तर आत सोड.’ शेजारी शेरा टाकला, ‘तात्पुरता. नंतर काढणे.’

पाच-दहा मिनिटांत वेळापत्रक सुरू झाले. संध्याकाळी मॅनेजरने थोरलीला फोन करून सांगितले, "मॅडम, तुमच्या बहिणीनं जादूच केली बघा. आता तुम्ही आराम करा, आम्ही त्यांनाच फोन करत जाऊ."

थोरली "हो का, छान," म्हणाली. पण नंतर बराच वेळ ती टेबलावरच्या पेनांची टोपणे लावत आणि काढत बसली.

मित्रांनो, तो नवा नियम माझ्या डोक्यावर चढून बसला तो बसलाच. मी त्याला मोकळा म्हणत असे. सगळ्यांत वर तो, म्हणून रखवालदार त्याच्यापाशीच थांबे. दुसऱ्या दिवशी थोरलीची टकटक आली. मी सवयीने सावरून उभा राहिलो, आणि मोकळ्याने दार उघडले! माझी थोरली, जिने मला लिहिले, तीसुद्धा त्याच्या दारातून गेली. तिला कळलेही नाही. माझ्यापाशी कोणी फिरकेना. माझा नुसता तीळपापड झाला.

आणि त्याच्याकडे केवढी रीघ! जगभरातले भुरटे दार ढकलून बघत, एकामागून एक पासवर्ड लावून पाहत. मोकळा सगळ्यांना म्हणे, या, या. दाराच्या आत पासवर्डची आणखी एक कडी होती, म्हणून ते तिथे अडत. मला त्या चोरांची भीती वाटायला हवी होती. मला मात्र एवढेच वाटे की चोर का होईना, त्याच्याकडे येतात, माझ्याकडे कोणी येत नाही.

एकदा थोरलीने फाइल उघडली आणि तिची नजर मोकळ्यावर पडली. शेरा तिने दोनदा वाचला. मी मनात म्हणालो, काढ, आता काढ त्याला. ती पुटपुटली, "तिनं टाकलाय, तिनंच काढावा. जादूगार ना ती." आणि फाइल बंद केली.

पुढे व्हायचे ते झाले. मॅनेजरसाठी कधीकाळी एक खाते काढलेले होते. त्याचा पासवर्ड म्हणजे केंद्राचे नाव आणि पुढे एक-दोन-तीन. कोणा भुरट्याला तो लागला. सकाळी केंद्र उघडले तेव्हा वेळापत्रकाच्या जागी पडद्यावर नुसती अक्षरांची खिचडी होती.

धाकटी रिक्षाने धावत वरच्या खोलीत आली. फोन टेबलावर ठेवलेला, त्यातून मॅनेजरचा आवाज येत होता. "बाकावर माणसं बसलीत, मॅडम! कोणाची पाळी आधी, कोणालाच ठाऊक नाही. ते रिटायर्ड बसड्रायव्हर आहेत ना, त्यांना दम लागायला लागलाय."

"मग त्यांना पहिल्या यंत्रावर घ्या!" धाकटी ओरडली. "वेळापत्रक गेलं खड्ड्यात. नर्सला विचारा, कोण कधी येऊन गेलंय ते तिला माहीत असतं. तिला फोन द्या, मी लिहून घेते."

फोन नर्सच्या हाती जाईपर्यंत थोरलीने कागद-पेन पुढे सरकवले. मग धाकटी म्हणाली, "ताई, मी केलं हे. काढायचा राहिला तो नियम. विसरलेच मी."

"तू विसरलीस," थोरली म्हणाली. "मी विसरले नव्हते. मला दिसला होता तो. मी मुद्दाम ठेवला."

"मुद्दाम? का?"

"तुझं कौतुक झालं ना, म्हणून."

तेवढ्यात नर्सचा आवाज आला आणि धाकटी नावे लिहायला वळली. थोरलीने मोकळ्याला खोडले. एका क्षणात तो होत्याचा नव्हता झाला. चोर शिरलेला सर्व्हर तिने बंदच केला आणि नवा घेतला. आम्ही सगळे नियम फाइलमध्ये लिहिलेले होतो, म्हणून एका हुकमासरशी नव्या रखवालदाराला जसेच्या तसे मिळालो. मग टकटक आली. थोरलीची! रखवालदार माझ्यापाशी थांबला. काय सांगू मित्रांनो तो आनंद! ती माझ्यातून आत गेली आणि आदल्या संध्याकाळची राखून ठेवलेली प्रत घेऊन तिने वेळापत्रक पुन्हा उभे केले. दुपारी मॅनेजरने कळवले की बसड्रायव्हर यंत्रावर झोपलेत आणि घोरताहेत.

मला वाटले, आता आपले जुने दिवस परत आले. पण थोरलीने आपली खुर्ची बाजूला सरकवली आणि म्हणाली, "ये, बस इथं. तुझ्या इंटरनेटवाल्याकडून न बदलणारा पत्ता मागून घे. तो घालू यात." तो पत्ता आला त्या दिवशी दोघींनी मिळून माझ्यात धाकटीची ओळ लिहिली. आणखी एक ठरले. तात्पुरता नियम लिहिला तर लिहिणारीचे नाव आणि काढायची तारीख शेजारी हवी, आणि दुसरीने वाचल्याशिवाय तो लागू करायचा नाही. धाकटी अजून कधीकधी रुसते. थोरली अजून कधीकधी "उद्या" म्हणते. पण आईच्या पुढ्यात बसून दोघी एकमेकींच्या ओळी वाचतात आणि चुका काढताना हसतात.

मी मात्र सुधारलो नाही. हल्ली थोरली बाहेरून फोन करते, "तूच जाऊन बघ ना गं आत," आणि धाकटी येते. दिवसातून कितीदा तरी येते. तिची टकटक आली की आजही मला पहिल्यांदा थोरलीच आठवते, आणि वाईट वाटते.

मित्रांनो, तुम्हीही मोठे होऊन कधी माझ्यासारखे नियम लिहाल. तेव्हा दोन गोष्टी लक्षात ठेवा. आपल्या माणसाला आत घ्यायचे असेल तर त्याच्या नावाची ओळ वेळेवर लिहा, त्याला ताटकळत ठेवू नका. आणि घाईत दार सताड उघडावे लागले, तर लावायची आठवण स्वतःला करून द्या. दुसऱ्याचे उघडे राहिलेले दिसले, तर रुसून बसू नका, हात लांब करून तेही लावा. आम्हा नियमांना आमच्या जागेवरून हलता येत नाही. तुम्हाला येते.

थांबतो आता. टकटक होते आहे. धाकटीच असणार.

उघडतो.