टेपच्या पट्टीएवढी जागा

"ह्या घरात बल्ब उजेडासाठी लावतात का नुसते शोभेला, कोण जाणे," सुजित माझ्या कानाशी पुटपुटला. मी त्याला चहाचा कप देत होते. म्हणजे कप त्याच्या बोटांना टेकवायचा, कान त्याने नीट धरला असं दिसलं की मगच सोडायचा. ही सवय मला कधी लागली ते मलाही कळलं नाही.

"वीस वॅटचा आहे," मी म्हटलं.

"मग व्होल्टेज कमी असेल."

असेल, म्हटलं. खिडकीतलं सकाळचं ऊन थेट ओट्यावर पडलं होतं, पण मी त्याचा विषय काढला नाही.

सुजित माझा धाकटा दीर. रहाटणीत आम्ही एकाच इमारतीत राहतो. आम्ही खाली, तो आणि त्याची बायको दिपाली आमच्या डोक्यावर. महाळुंग्याच्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये तो बफिंग करतो. जोरात फिरणाऱ्या कापडी चाकावर स्टीलचा तुकडा धरायचा आणि त्यात तोंड दिसेपर्यंत हटायचं नाही, असं ते काम. चाकाला माया नसते. हात जरा पुढे गेला तर चाक हातच ओढून नेतं. सुजितच्या शेजारच्या चाकावरच्या माणसाला आता उजव्या हाताने जेवता येत नाही, आणि त्याचे तर डोळे शाबूत होते.

बघा, इथे लिहिताना लिहून गेले. घरात हा शब्द कुणी काढत नाही. सुजितला शुगर आहे, हे सगळ्यांना माहीत. डॉक्टरांनी डोळ्यांच्या पडद्याची तपासणी लवकर करून घ्या म्हटलं, तेव्हा तो म्हणाला होता, दसरा होऊ द्या. तो दसरा मागचा. त्यानंतर त्याने मोटरसायकल विकली, रस्त्यावर गर्दी फार झाली म्हणून. मोबाईलवरचे मेसेज दिपाली वाचून दाखवायला लागली, चष्मा सापडत नाही म्हणून. आणि आम्ही बल्ब बदलत गेलो. नऊ वॅट, बारा वॅट, वीस वॅट. इलेक्ट्रिशियनला वाटलं असेल, या घरात कुणीतरी फार मोठ्या परीक्षेला बसतंय.

आता घड्याळाचं सांगते.

माझे यजमान निरंजन चाकणला टूलरूममध्ये आहेत आणि त्यांना जुन्या घड्याळांचं वेड आहे. साधी घड्याळं नाहीत. पाणबुडे मनगटावर बांधून समुद्रात उतरायचे, ती चावीची घड्याळं, साठ-सत्तरच्या सालातली. तबकडीभोवती एक फिरतं कडं असतं. पाण्यात उतरून किती वेळ झाला, किती हवा उरली, ते त्यावरून कळायचं. निरंजनना स्वतःला पोहता येत नाही. पवनेच्या पुलावरूनसुद्धा ते कठड्यापासून लांब चालतात. पण कपाटात सगळी सहाशे फूट खोल जाणारी घड्याळं.

या छंदाचा कायदा एकच: घासायचं नाही. ओरखडा आहे तर असू दे, रंग विटलाय तर विटू दे. त्या माणसाच्या मनगटावर जे झालं ते घड्याळाच्या अंगावर राहिलं पाहिजे, तरच ते खरं. मी एकदा चिंच घेऊन कपाटापाशी नुसती उभी राहिले, तर पुढचे दोन दिवस आमच्यात बोलणं नव्हतं.

त्यातलं सगळ्यात दुर्मिळ घड्याळ उरणच्या एका म्हाताऱ्या पाणबुड्याने दिलेलं. बुडालेल्या बोटींच्या कामावर होता तो. त्या घड्याळाच्या पाठीवर, खालच्या अर्ध्या भागात, हाताने कोरलेला नंबर होता. एक अक्षर आणि चार आकडे. माणूस पाण्यातून वर आला नाही, आणि सापडला तेव्हा ओळखू येईना, तर या नंबरावरून ओळखायचा, असं म्हातारा म्हणाला होता. तसा नंबर असलेलं दुसरं घड्याळ निरंजननी पाहिलेलं नाही, त्यांच्यासारख्या वेड्यांच्या ग्रुपवरही कुणी पाहिलेलं नाही. झिजून तो इतका पुसट झाला होता की उजेड तिरपा पडल्याशिवाय दिसायचा नाही आणि बोटाला तर लागायचाच नाही.

गेल्या आठवड्यात सुजित म्हणाला, दादा, त्या उरणच्या घड्याळाची काच धुरकटलीय, खंडेनवमीच्या आत हात फिरवून देतो. धुरकटली होती खरी. हे त्याला आम्हीच सांगितलं होतं. त्या जुन्या काचा प्लास्टिकच्या असतात, हलक्या हाताने घासल्या तर उजळतात, तेवढी सूट निरंजनच्या कायद्यात आहे. आणि ते काम कायम सुजितकडेच जायचं, कारण तसा हात चाकणपट्ट्यात कुणाचा नाही.

निरंजननी माझ्याकडे पाहिलं. मी आमटीकडे पाहिलं. नाही म्हणायला कारण द्यावं लागलं असतं, आणि कारण एकच होतं. शेवटी त्यांनी आतलं यंत्र काढून ठेवलं, डबी पुन्हा बंद केली आणि सुजितच्या हातात दिली. मागचा नंबर तेवढा जप, म्हणाले. त्यावर टेप लावतो की, म्हणजे चाक तिथे लागत नाही, सुजित म्हणाला, मला शिकवतोस का आता?

तर आज खंडेनवमी. पाटावर निरंजनचे पाने आणि मोजपट्टी, शेजारी माझं शिलाई मशीन, झेंडूची फुलं, आणि एका ताम्हनात ती सगळी घड्याळं. आमच्याकडे तीही हत्यारंच. सुजितने चहा संपवला, खिशातून मऊ पिवळं फडकं काढलं आणि बाळाचं दुपटं सोडावं तसं सोडलं.

मला आधी वाटलं, हे दुसरंच घड्याळ आहे.

डबी पांढरीशुभ्र चमकत होती. बाजूला एक खोल ओरखडा होता, बोटीच्या पत्र्याला घासून पडलेला. तो कुठे दिसेना. काळ्या कड्यावर मिनिटांचे आकडे होते, आता तिथे चांदीच्या बांगडीसारखं नुसतं गोल कडं. एकही आकडा नाही.

"नुसती काच काय करायची?" सुजित म्हणाला. "सणाला मळकं हत्यार पूजेला ठेवतात का? त्या कड्यावर केवढा काळपटपणा चढला होता, तोपण काढला. तू ओरडणार, माहितीय मला. पण एकदा बघ तरी."

काळपटपणा. माझ्या हातात हळदीची वाटी होती, ती खाली ठेवायची मला सुचेना. निरंजनच्या तोंडावर राग शोधत होते मी, आणि तिथे काहीच नव्हतं. पाटी पुसल्यासारखं तोंड. पन्नास-साठ वर्षांचा समुद्र एका दुपारात पुसला गेला होता, आणि पुसणारा समोर शाबासकीची वाट बघत उभा होता.

मग त्यांनी डबी उलटी केली.

मी त्यांच्या खांद्यावरून पाहिलं. पाठही आरशासारखी. त्या आरशात वरच्या बाजूला एक पट्टी मात्र जुनीच, मळकी राहिली होती. टेपची जागा. इतकी सरळ, इतक्या नेमक्या कडांची की पाहत राहावं. असं काम घाईत होत नाही. सुजितने नंबर जपला होता. जीव लावून जपला होता. फक्त ती पट्टी वरच्या अर्ध्या भागात होती, जिथे कधी काही कोरलेलंच नव्हतं. खाली, नंबराच्या जागी, मला माझं तोंड दिसलं.

मला घड्याळ दिसेनासंच झालं, चाक दिसायला लागलं. गरगर फिरणारं, आणि त्याच्यापुढे हे दोन हात. दिव्याला नावं ठेवत आम्ही वर्षभर या माणसाला रोज सकाळी डबा भरून त्या चाकाकडे पाठवत होतो.

"नंबर आहे ना जागेवर?" सुजितने विचारलं.

तो निरंजनच्या तोंडाकडे बघून हसत होता, म्हणजे तसं त्याला वाटत होतं. निरंजन हातभर डावीकडे उभे होते. तो हसत होता भिंतीवरच्या कॅलेंडरकडे.

"दादा, वाच की."

निरंजननी घसा खाकरला. डबी उजेडाकडे तिरकी केली. आणि त्या चकचकीत स्टीलवरून त्यांनी नंबर वाचला. अक्षर, मग एकेक आकडा. तिसऱ्या आकड्यापाशी जरा थांबले, पुसट आकडा लावताना माणूस थांबतो तसे. मग पुढचा. एकोणतीस वर्षं संसार केलाय या माणसाशी. इतकं सफाईदार खोटं त्यांना येतं हे मला माहीत नव्हतं.

सुजितचे खांदे सैल झाले. एवढा वेळ ते ताठ होते, हे तेव्हा कळलं. म्हणाला, बघ, म्हटलं नव्हतं? मग सांगत सुटला, की दसरा झाला की मालक त्याला नवीन मोठ्या चाकावर घेणार आहे, दुप्पट वेगाचं आहे म्हणे, आणि हाताखाली कुणी नको असं त्यानेच सांगितलंय. एकट्यानं बरं पडतं.

"तुझी बाकीची पण दे," तो म्हणाला. "आता हात लागलाच आहे तर होऊन जाऊ दे सगळी."

आणि निरंजन, माझ्या डोळ्यांदेखत, ताम्हनाकडे वळले. ते खरंच देणार होते. आयुष्यभर जमवलेली घड्याळं एकामागून एक उचलून ते भावाच्या फडक्यात ठेवणार होते, पण तोंड उघडणार नव्हते. पहिलं त्यांनी उचललंही. मी ओरडायला हवं होतं. मी हळदीची वाटीच धरून उभी होते.

दारात दिपाली उभी होती, आपट्याच्या पानांची पिशवी घेऊन. कधीची आली होती कोण जाणे. ती आत आली, निरंजनच्या दुसऱ्या हातातली डबी तिने काढून घेतली आणि उलटी करून पाहिली. पट्टीवरून अंगठा फिरवला. मग पट्टीच्या खालून. टेप लावून देते म्हणून ती त्याच्या किती मागे लागली होती, ते तिने मला कालच सांगितलं होतं. त्याने तिला हाकलून दिलं होतं, बायकांचं काम नाही म्हणून.

"भाऊजी, ते खाली ठेवा," ती म्हणाली.

निरंजननी ठेवलं.

"काय झालं?" सुजित हसला, पण आता आवाजाच्या दिशेने मान वळवून. "अगं, एखादी रेघ राहिली असेल कुठं. ह्यांच्याकडं उजेडाचीच बोंब. तू जरा दुसरा बल्ब लाव, मी आत्ता बघतो काय..."

दिपालीने डबी त्याच्या तळहातावर ठेवली, त्याची बोटं त्यावर मिटवली, आणि ती मूठ आपल्या दोन्ही हातांत धरून ठेवली.

"अहो," ती म्हणाली, "बल्ब चांगला आहे. तुम्हाला दिसत नाही."